दुपारचा ओझोन आणि डोक्यावरचा दीड किलोमीटर

वातकुक्कुट (धागालेखक)

शहरांच्या हवेतील ओझोनविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात वाहने, कारखाने आणि ऊन यांचा उल्लेख हमखास येतो आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच थांबते. ही तिन्ही कारणे खरी आहेत. परंतु लागोपाठच्या दोन दिवशी वाहनांची वर्दळ तेवढीच, ऊन तेवढेच, कमाल तापमानातही जेमतेम एखाद्या अंशाचा फरक, आणि तरीही एका दुपारी ओझोन ५० पीपीबीच्या (हवेच्या एक अब्ज भागांतील भाग) आसपास थांबतो व दुसऱ्या दुपारी ९० च्या पुढे जातो, असे घडू शकते. या फरकाचे कारण जमिनीवर शोधून सापडत नाही. ते डोक्यावरच्या हवेत असते. बहुतेक वेळा पहिल्या दीड-दोन किलोमीटरमध्ये, आणि कधी कधी त्याच्याही बऱ्याच वर. त्या हवेचा विचार केल्याशिवाय जमिनीवरच्या आकड्याचा अर्थ लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

आधी रसायन थोडक्यात सांगतो. नायट्रोजन डायऑक्साइडवर सुमारे ४२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की त्यातून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो आणि तो हवेतील ऑक्सिजनच्या रेणूशी जोडला जाऊन ओझोन तयार होतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन पुन्हा खाऊन टाकतो, त्यामुळे एवढ्यापुरता जमाखर्च शून्यावरच राहतो. इंधनाची आणि द्रावकांची वाफ, झाडांतून बाहेर पडणारे आयसोप्रीन यांसारखी बाष्पनशील सेंद्रिय संयुगे मध्ये आली की मात्र नायट्रिक ऑक्साइडचे डायऑक्साइड होण्यासाठी ओझोन खर्ची पडत नाही आणि ओझोन साचत जातो. लॉस एंजेलिसमधील धुरक्याचा अभ्यास करताना आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ही साखळी उलगडून दाखवली.

ओझोन साचायचा तर त्याला अवधी लागतो आणि बंदिस्त जागाही लागते. या दोन्ही गोष्टी वरची हवा पुरवते. सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवर, म्हणजे ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर, उच्चदाबाचा कणा, म्हणजे जास्त दाबाचा लांबट पट्टा, एखाद्या प्रदेशावर येऊन बसला की त्याच्या पूर्वेकडील अंगाला आणि मध्याजवळ हवा सावकाश खाली उतरू लागते. उतरणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सियसने तापते. तीन किलोमीटरवरून दीड किलोमीटरवर आलेली हवा जवळजवळ १५ अंशांनी गरम झालेली असते. तापली म्हणून तिची सापेक्ष आर्द्रता घटते, ढग विरतात, सूर्यप्रकाश विनाअडथळा खाली येतो, आणि उच्चदाबाच्या मध्याजवळ वारेही मंद असल्यामुळे शहराचा धूर शहरावरच रेंगाळतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की ही तापलेली हवा जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. जमिनीलगतच्या घुसळणाऱ्या हवेच्या डोक्यावर ती पसरते आणि तिथे खाली थंड, वर गरम अशी तापमानाची विपरीतता निर्माण होते. खालून वर जाणारा हवेचा प्रत्येक लोट त्या थराला लागून थबकतो. हवामानशास्त्रात याला झाकण म्हणतात आणि ते नाव अगदी नेमके आहे.

हे सगळे एका सकाळच्या हवामान फुग्याच्या, म्हणजे वर जाताना तापमान, आर्द्रता आणि वारा मोजणाऱ्या फुग्याच्या, आलेखावर कसे दिसते ते पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण उन्हाळ्यातील पुष्कळ आलेख असेच असतात. सूर्योदयाच्या सुमारास जमिनीवर २२ अंश, २०० मीटरवर २५ अंश, तिथून वर तापमान हळूहळू उतरत १५०० मीटरवर २० अंश, आणि मग १५०० ते १७०० मीटरच्या पट्ट्यात ते पुन्हा चढून २३ अंश. जमिनीलगतची पहिली विपरीतता रात्री जमीन थंड झाल्यामुळे आलेली आहे; ऊन वर आले की दोन-तीन तासांत ती मोडते. दीड किलोमीटरवरची दुसरी विपरीतता ही त्या उतरत्या हवेची. जमिनीवरची हवा १५०० मीटरपर्यंत चढायची तर तिचे तापमान जवळजवळ ३५ अंश व्हावे लागेल, आणि वरचा पट्टा भेदून पलीकडे जायचे तर जवळजवळ ४० अंश. त्या दिवशीचे कमाल तापमान ३६ अंश अपेक्षित असेल, तर दिवसभराचा सगळा धूर, सगळी वाफ आणि त्यातून बनलेला सगळा ओझोन सुमारे १५५० मीटरच्या आतच फिरत राहणार, हे सकाळी सातलाच सांगता येते.

आता ज्या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तिकडे वळतो. त्याच आलेखातील २०० ते १५०० मीटरच्या दरम्यानची हवा ही काल दुपारी शहरात घुसळलेलीच हवा आहे. सूर्य मावळल्यावर जमिनीलगत थंड थर तयार झाला आणि ही हवा त्याच्या वर, जमिनीपासून तुटून, तशीच राहिली. तिला अवशिष्ट थर म्हणतात. खालच्या थरात रात्रभर वाहनांचा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खात राहतो, भिंती, माती आणि पाने यांवरही तो नष्ट होतो, म्हणून पहाटे रस्त्यावरच्या उपकरणात ओझोन अगदी थोडा दिसतो. वरच्या थरापर्यंत यांपैकी काहीच पोहोचत नाही, त्यामुळे कालचा ओझोन तिथे बराचसा शाबूत असतो. खालच्या २०० मीटरमध्ये १० पीपीबी आणि वरच्या १३०० मीटरमध्ये ६५ पीपीबी ओझोन आहे असे धरा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास दोन्ही थर एकमेकांत मिसळले की सरासरी येते सुमारे ५८ पीपीबी. आजच्या धुरापासून एक रेणूही बनलेला नसताना शहर ५८ वर उभे असते आणि दुपारची सगळी भर त्याच्यावर पडते. जागतिक आरोग्य संघटनेची आठ तासांच्या सरासरीची शिफारस घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ५० पीपीबी आहे, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे गांभीर्य कळेल.

उच्चदाबाचा कणा चार-पाच दिवस हलला नाही की ओझोन रोज थोडा थोडा का चढत जातो, याचे मोठे उत्तर इथे आहे. ऑगस्ट २००३ च्या पहिल्या पंधरवड्यात पश्चिम युरोपावर उच्चदाब ठाण मांडून बसला होता. त्या उष्णतेच्या लाटेतील मृत्यूंची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु त्याच दिवसांत फ्रान्सपासून जर्मनीपर्यंत ओझोनही धोक्याच्या पातळ्या ओलांडत राहिला, याची आठवण फार कमी जणांना असते.

निरभ्र

विषय अतिशय नीट उलगडला आहे. एक मूलभूत शंका विचारतो. वातावरणातील बहुतेक ओझोन स्थितांबरात आहे असे शाळेपासून शिकतो. मग वरची हवा खाली उतरते असे आपण म्हणता, तेव्हा तो ओझोनच खाली येऊन शहरात मोजला जात नाही कशावरून? प्रदूषणाचा आकडा म्हणून आपण जे वाचतो त्यात त्याचा वाटा किती?

वातकुक्कुट

शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. वातावरणातील सुमारे ९० टक्के ओझोन स्थितांबरात आहे हे खरे. पण वरच्या लेखात उतरणारी म्हणून जी हवा सांगितली ती तपांबरातलीच, तीन-चार किलोमीटरवरची हवा असते. स्थितांबर त्याच्या पुष्कळ वर, ध्रुवांकडे सुमारे ९ आणि उष्ण कटिबंधात १६-१७ किलोमीटरच्या पलीकडे सुरू होते, आणि दोहोंमधली सीमा, म्हणजे तपस्तब्धी, सहसा ओलांडली जात नाही.

सहसा म्हणण्याचे कारण असे की जेट प्रवाहाच्या, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या, बाजूने कधी कधी तपस्तब्धीला घडी पडते. स्थितांबरातील हवेची एक पातळ, तिरकी जीभ कमी दाबाच्या पट्ट्याच्या मागच्या बाजूने खाली घुसते. एडविन डॅनियलसेन यांनी १९६० च्या दशकात विमानांतून मोजमापे करून या घड्यांची रचना दाखवली. अशी हवा ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. ती हाडासारखी कोरडी असते, तिच्यात ओझोन भरपूर पण कार्बन मोनॉक्साइड कमी असतो. शहरी धुरातून बनलेला ओझोन असेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि इतर धूरही सोबत चढलेला दिसतो. ओझोन चढताना बाकी सगळे उतरत असेल आणि दवबिंदू (हवेतील बाष्पाचे प्रमाण दाखवणारे तापमान) एकाएकी कोसळत असेल, तर वर पाहावे.

मध्य अक्षांशांत अशा घटना वसंत ऋतूत अधिक होतात आणि त्यांचा परिणाम उंचावरच्या ठिकाणी जास्त जाणवतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील रॉकी पर्वताच्या परिसरात वसंतात ओझोनची मर्यादा ओलांडली गेली तर तो दिवस अशा नैसर्गिक घटनेचा होता का, हे तिथल्या यंत्रणांना तपासावे लागते. कारण तसे सिद्ध झाले तर कायद्यानुसार तो दिवस हिशेबातून वगळता येतो. समुद्रसपाटीजवळच्या शहरात भर उन्हाळ्यातील दुपारी जो ओझोन मोजला जातो त्यात मात्र अशा थेट घुसखोरीचा वाटा सहसा लहान असतो. तिथला मुख्य ओझोन खालीच बनलेला असतो. वरची हवा त्याला कोंडते आणि साठवते.

यातली एक जोडी मला विलक्षण वाटते. गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात ऑक्सफर्डला जमिनीपासून आकाशापर्यंतच्या एकूण ओझोनची मोजमापे सुरू केली, तेव्हाच त्यांच्या लक्षात आले की हा आकडा हवामानाबरोबर हलतो. उच्चदाबाच्या वेळी तपस्तब्धी वर उचललेली असते आणि एकूण ओझोन कमी भरतो. म्हणजे ज्या दिवशी शहराच्या रस्त्यावर ओझोन सर्वाधिक, त्या दिवशी डोक्यावरचा संरक्षक ओझोन उलट थोडा कमी असू शकतो, आणि त्यामुळे खाली पोहोचणारे अतिनील किरण किंचित वाढून रस्त्यावरच्या रसायनाला आणखी जोर मिळतो.

सांजवारा

अवशिष्ट थराचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्याला जोडून रात्रीच्या ओझोनविषयी लिहितो, कारण निरीक्षण केंद्रांच्या नोंदी तपासण्याच्या कामात हा प्रकार मी जवळून पाहिला आहे.

रात्री ओझोन उतरतच जावा अशी अपेक्षा असते. तरीही एखाद्या रात्री दीड-दोनच्या सुमारास तो १० वरून अर्ध्या तासात ४५ पर्यंत उसळतो, तासभर राहतो आणि पुन्हा खाली येतो. अंधारात ओझोन बनू शकत नाही, म्हणून नोंदी तपासणारा माणूस ही उपकरणाची चूक समजून तो भाग खोडण्याच्या बेतात असतो. अशा वेळी शेजारचे रकाने पाहावेत. त्याच मिनिटांत नायट्रोजन डायऑक्साइड खाली गेलेला असतो, वाऱ्याचा वेग वाढलेला असतो, तापमान रात्री असूनही एखाद्या अंशाने चढलेले असते आणि आर्द्रता घटलेली असते. पाच वेगवेगळी उपकरणे एकाच वेळी एकाच दिशेची चूक करीत नाहीत. वरची, कोरडी, किंचित उबदार, ओझोनने भरलेली हवा खाली ओढली गेली, हाच त्याचा अर्थ.

तिला खाली आणतो तो रात्रीचा, कमी उंचीवरचा वेगवान वारा. सूर्यास्तानंतर घुसळण थांबली की जमिनीचे घर्षण वरच्या हवेला लागेनासे होते आणि काही शे मीटर उंचीवरचा वारा मोकळा होऊन वेग घेतो. सेकंदाला १० ते २० मीटर वेग काही दुर्मीळ नाही. आल्फ्रेड ब्लॅकडार यांनी १९५७ साली याचे गणित मांडले. हा वारा आणि जमिनीलगतची स्थिर हवा यांच्या वेगात इतका फरक पडतो की मधला थर मधूनमधून फाटतो आणि वरचा ओझोन रस्त्यावर येतो. याच वाऱ्याचे दुसरे काम म्हणजे अवशिष्ट थर एका रात्रीत शे-दोनशे किलोमीटर वाहून नेणे. सकाळी ज्या शहरावर तो थर खाली मिसळतो ते पुष्कळदा त्या धुराचे शहर नसतेच.

अशा नोंदी डोळे मिटून खोडल्या जाऊ नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्या खोडल्या की वर काय साठले आहे हे सांगणारा रात्रीचा एकमेव पुरावा नाहीसा होतो.

मृगजळ

एक विसंगती जाणवते. धूलिकणांच्या बाबतीत नियम सरळ आहे: मिश्रणाचा थर, म्हणजे जमिनीलगतची घुसळणारी हवा, उथळ असेल तर प्रदूषण जास्त, खोल असेल तर कमी. हिवाळ्यात म्हणूनच धूर कोंडतो. ओझोनलाही झाकण कोंडते असे आपण म्हणता. मग मिश्रणाचा थर सर्वांत खोल असतो त्या कडक उन्हाळ्यातच ओझोन सर्वाधिक का? आणि थर खोल होत जाताना सकाळी ओझोन वाढतो कसा? विरळ व्हायला हवा.

वातकुक्कुट

ओझोनला धूलिकणांचा नियम लावला की इथेच अडायला होते. धूलिकण बव्हंशी खालून सुटतात आणि वर स्वच्छ हवा असते, म्हणून थर वाढला की ते विरळ होतात. ओझोनचे तसे नाही. थर वाढताना वरची जी हवा आत घेतली जाते तिच्यात ओझोन किती आहे, यावर सगळे अवलंबून असते. सकाळी खाली १० आणि वर ६५ असतात, म्हणून थर वाढताना जमिनीवरचा आकडा चढतो. दुपारी तीनला खाली ९५ झालेले असतील आणि झाकणाच्या वरच्या मोकळ्या तपांबरात ५०-५५, तर त्या वेळी झाकण थोडे फाटले की आकडा उतरतो. एकच प्रक्रिया सकाळी भर घालते आणि दुपारी वजाबाकी करते. म्हणून थराची खोली आणि ओझोन यांचा परस्परसंबंध नुसता दैनिक आकड्यांवरून काढला तर तो कमकुवत येतो आणि कधी चक्क उलटा येतो.

उथळ थराला आणखी एक अट आहे. थर फार उथळ असला तर नायट्रिक ऑक्साइडही तेवढाच दाट होतो आणि वर्दळीच्या भागात तो ओझोनला खाऊन टाकतो. हिवाळ्याच्या सकाळी नेमके हेच होते, शिवाय प्रकाशही कमी असतो. ओझोनला सर्वांत अनुकूल दिवस तो, ज्या दिवशी ऊन कडक असते, वर कालचा साठा असतो, आणि झाकण इतके भक्कम असते की तो साठा आत येतो पण स्वच्छ हवा येत नाही.

दर्यावर्दी

किनाऱ्यावरच्या शहरांत यात आणखी एक फेरा असतो. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे उलट जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खारे वारे जमिनीवर जितकी हवा आणतात तितकी वरून समुद्राकडे परतही जाते. शहराचा धूर दुपारी खाऱ्या वाऱ्यांच्या पुढच्या कडेला वर उचलला जातो, वरच्या परतीच्या प्रवाहात समुद्राकडे जातो आणि पाण्यावर थर होऊन तरंगत राहतो. पाण्यावर ओझोन फार हळू नष्ट होतो. दुसऱ्या दिवशी खारे वारे तीच हवा पुन्हा शहरात घेऊन येतात, त्यामुळे समुद्राकडून आलेली झुळूक स्वच्छच असते असे धरून चालता येत नाही.

लॉस एंजेलिस हे याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण. पॅसिफिकवरील उच्चदाबामुळे उतरणारी गरम हवा वर आणि थंड समुद्रावरची हवा खाली, अशी रचना तिथे उन्हाळ्यात जवळजवळ कायम असते आणि झाकण पुष्कळदा काही शे मीटरवरच असते. खारे वारे धूर पूर्वेकडे ढकलतात, मागे डोंगर आहेत, आणि ओझोनचे सर्वाधिक आकडे किनाऱ्यावर नव्हे तर आत, सॅन बर्नार्डिनोच्या बाजूला मिळतात. डोंगराचे तापलेले उतार काही हवा धुराड्यासारखी वर खेचतात. ती झाकणाच्या आत किंवा वर पातळ थर करून बसते आणि तिथून परत येऊ शकते.

हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधील पर्ल नदीच्या मुखाजवळच्या शहरांचे उदाहरणही इथे नमूद करतो. पश्चिम पॅसिफिकवरून टायफून, म्हणजे तिकडचे चक्रीवादळ, जवळ येत असते, अजून काही शे किलोमीटर दूर असते, आणि शहरात आकाश निरभ्र, वारा पडलेला, उकाडा असह्य. टायफूनच्या मध्याशी वर गेलेली हवा त्याच्या बाहेरच्या परिघावर खाली उतरत असते. तिथल्या कित्येक मोठ्या ओझोन घटना अशाच दिवशी झालेल्या आहेत. वादळाच्या आदल्या दिवशी हवा सर्वांत वाईट असते, हे सामान्य समजुतीला धक्का देणारे असले तरी वरच्या हवेच्या दृष्टीने अगदी सुसंगत आहे.

निरभ्र

तापमानाविषयी विचारतो. ओझोन तापमानाबरोबर वाढतो असे सर्वत्र वाचतो. ते तापमानामुळेच वाढतो, की तापमान आणि ओझोन ही दोन्ही त्या उच्चदाबाचीच अपत्ये आहेत?

वातकुक्कुट

दोन्ही खरे आहे, आणि वाटे वेगळे करणे हे या विषयातील अवघड कामांपैकी एक आहे. तापमानाचा स्वतःचा परिणाम निश्चित आहे. गरमीत इंधन आणि द्रावकांची वाफ जास्त सुटते, झाडांतून आयसोप्रीन झपाट्याने वाढते. त्याहून रोचक गोष्ट पॅन या संयुगाची, म्हणजे पेरॉक्सिअॅसिटाइल नायट्रेटची आहे. ते नायट्रोजन डायऑक्साइडला आपल्यात बांधून ठेवते. २५ अंशांच्या आसपास ते तासाभरात मोडते. उणे २० च्या आसपास, म्हणजे पाच-सहा किलोमीटर उंचीवरच्या थंडीत, महिनोन्महिने टिकते. त्यामुळे एका ठिकाणचा धूर वर उचलला गेला तर पॅनच्या रूपाने तो समुद्र ओलांडून जाऊ शकतो, आणि पलीकडे उतरत्या हवेबरोबर खाली येऊन तापला की तिथे नायट्रोजन डायऑक्साइड मोकळा करून ओझोन बनवतो. याशिवाय कडक उष्णतेत आणि दुष्काळात झाडे आपली पर्णरंध्रे मिटतात, तेव्हा पानांवाटे ओझोन शोषला जाण्याचे प्रमाणही घटते.

तरीही अंदाज वर्तवणारे लोक जमिनीवरच्या तापमानापेक्षा ८५० हेक्टोपास्कलवरचे, म्हणजे साधारण दीड किलोमीटरवरचे तापमान पसंत करतात. त्याला सावली, काँक्रीट, सिंचन यांची बाधा होत नाही आणि उतरत्या हवेचा जोर त्यात थेट दिसतो.

परखड

चर्चा वाचून एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. सगळे वरच्या हवेवरच ठरत असेल, तर वाहनांवर आणि कारखान्यांवर निर्बंध घालून उपयोग काय? प्रदूषण करणाऱ्यांच्या हाती आपण आयते कारण देत आहोत, असे होत नाही का?

वातकुक्कुट

हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण वरच्या हवेचा असा गैरवापर होऊ शकतो. परंतु निष्कर्ष नेमका उलटा निघतो. वरची हवा स्वतःहून ९० पीपीबी निर्माण करीत नाही. आपण सोडलेले वायू ती कोंडते, साठवते आणि दुसऱ्या दिवशी परत देते. अवशिष्ट थरातील साठा हा कालच्या धुराचाच साठा आहे. उच्चदाबाच्या पहिल्या दिवशी घातलेला निर्बंध म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत उपयोगी पडतो. चौथ्या दिवशी आकडा चढल्यावर घातलेला निर्बंध उशिराचा असतो. वरच्या हवेचा अंदाज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी मिळतो. त्याचा उपयोग करून घटनेच्या आधी पावले उचलणे शक्य आहे आणि ती उचलली जावीत, असा माझा आग्रह आहे.

दुसरे असे की वरची हवा बाजूला काढल्याशिवाय निर्बंधांचे यश मोजताच येत नाही. एखाद्या वर्षी उन्हाळाभर ढग आणि वारे राहिले तर ओझोन आपोआप कमी दिसतो आणि श्रेय धोरणाला जाते. पुढच्या वर्षी उच्चदाब ठाण मांडून बसला की तेच धोरण फसले असे म्हटले जाते. २०२० च्या टाळेबंदीत वाहने थांबली, नायट्रोजनची ऑक्साइडे स्पष्टपणे घटली, तरीही युरोप आणि चीनमधील अनेक शहरांत ओझोन कमी न होता वाढला. ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइड घटला हे त्याचे रासायनिक कारण. पण त्या वसंतात युरोपावर असाधारण निरभ्र, उच्चदाबाचे हवामान होते हेही कारण होते. दोन्ही वेगळी केल्याशिवाय त्या अनुभवातून कोणताही धडा काढणे धोक्याचे आहे.

सांजवारा

एक भर घालतो. आपली सगळी मोजमापे जमिनीपासून काही मीटरवर होतात, आणि ज्या थराविषयी आपण इतके बोलत आहोत तिथे बहुतेक शहरांत एकही उपकरण नाही. ओझोनसाँड नावाचे छोटे उपकरण फुग्याला लावून ३० किलोमीटरच्या वर पाठवता येते. त्यातील पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून हवा जाते आणि ओझोनच्या प्रमाणात विजेचा अत्यल्प प्रवाह निर्माण होतो. पण अशी उड्डाणे बहुतेक केंद्रांवर आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी होतात, आणि ती केंद्रे पुष्कळदा शहरांपासून दूर असतात. लेझरच्या साहाय्याने थराथराने ओझोन मोजणारी लिडार यंत्रे आहेत, पण मोजकीच. उपग्रह एकूण ओझोन उत्तम सांगतात, मात्र त्यातला बहुतांश भाग स्थितांबरातला असल्यामुळे खालच्या दीड किलोमीटरचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. या पोकळीवर खर्च व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मृगजळ

उपकरणे नसतील तर सर्वसाधारण वाचकाने स्वतः काय पाहावे? फुग्यांचे आलेख संकेतस्थळांवर असतात, पण ते पाहून काही उमगत नाही.

वातकुक्कुट

फुगे जगभर रोज ग्रीनिच वेळेनुसार शून्य आणि बारा वाजता सोडले जातात आणि त्यांचे आलेख सर्वांसाठी खुले असतात. आपल्या भागात जो फुगा पहाटे किंवा सकाळी सुटतो त्याचा आलेख घ्यावा. त्यात दोन मुख्य रेषा असतात, उजवीकडे तापमान आणि डावीकडे दवबिंदू. प्रथम ९०० ते ७५० हेक्टोपास्कलच्या दरम्यान तापमानाची रेषा उजवीकडे झुकते का ते पाहावे. त्याच उंचीवर दवबिंदूची रेषा डावीकडे झटकन दूर गेली असेल तर ती उतरत्या हवेची विपरीतता आहे याची खात्री होते. मग तिच्या तळापासून कोरड्या हवेच्या तिरक्या रेषेने, म्हणजे दर किलोमीटरला ९.८ अंश वाढवत, खाली जमिनीपर्यंत यावे आणि तिथे जे तापमान मिळेल त्याची त्या दिवशीच्या अपेक्षित कमाल तापमानाशी तुलना करावी. कमाल तापमान जेमतेम तेवढेच असेल किंवा कमी असेल तर झाकण टिकणार. शेवटी विपरीततेच्या खालच्या थरातील वाऱ्याचा वेग पाहावा; तो सेकंदाला तीन-चार मीटरच्या आत असेल आणि कालही तसाच असेल, तर कालची हवा फारशी हललेली नाही.

या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर बाहेरची धावपळ, मुलांचे खेळ आणि दम्याच्या रुग्णांचे फिरणे सकाळी लवकर उरकावे. साधारण दुपारी एक ते सहा हा अवधी टाळावा, आणि शहरावरून वारा ज्या बाजूला वाहत जातो तिकडे राहणाऱ्यांनी तो संध्याकाळी आणखी तास-दीड तास लांबवावा, कारण तिथे कमाल आकडा उशिरा पोहोचतो.